आठवड्याचा हप्ता, तेंदूचा महिना

गटाची वही बरोबर घ्या. या दौऱ्यात तुम्हाला सगळं पाहता येईल, कोणालाही काहीही विचारता येईल, पण कोणाच्या हातावर एक रुपयाही ठेवता येणार नाही. वही मात्र उघडता येईल, आणि ती वारंवार उघडावी लागेल.

तुम्ही कुरखेड्याकडच्या एका गावात राहता. गावातल्या महिला बचत गटाचं लिखाण तुमच्याकडे आहे. सही करणाऱ्या गटात पुष्कळ आहेत, पण बेरीज न चुकता जमते ती तुम्हालाच. शेजारच्या तालुक्यातला गट पाहायला तुम्ही याआधी जीपमधून गेलेल्या आहात, त्यामुळे अभ्यास दौरा म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. ओळखी होतात, चहा होतो, मग दुसऱ्यांची वही आपल्यापुढे येते आणि खरं शिक्षण तिथे सुरू होतं. आजचा दौरा परदेशातला आहे आणि मागच्या काळातला. पहिला मुक्काम १९७६ सालचा, बांगलादेशात, चितगाव विद्यापीठाला लागून असलेल्या जोब्रा गावात.

उतरल्याबरोबर वास ओळखीचा येतो. ओला बांबू, चिखल, भिजलेलं तणस. धानाचा मुलूख आहे, तुमच्यासारखाच. जंगल मात्र नाही. नजर जाईल तिथे माणसं, घरं आणि तळी. एका कुडाच्या घरापुढे सुफिया बेगम नावाची तरुण बाई बांबूच्या पट्ट्या विणून बसायचे मोढे करते आहे. तिच्यासमोर बसा आणि हिशेब विचारा.

बांबूला पाच टका लागतात. तेवढे तिच्याकडे नाहीत. म्हणून ती पैकाराकडून, म्हणजे गावात फिरणाऱ्या व्यापाऱ्याकडून, बांबूचे पैसे घेते. अट अशी की तयार माल त्यालाच द्यायचा आणि भाव त्यानेच ठरवायचा. तो साडेपाच टका देतो. दिवसभराच्या विणकामाची कमाई पन्नास पैसे. तुम्ही वहीच्या मागच्या पानावर मांडणी करता: जमा साडेपाच, खर्च पाच, शिल्लक अर्धा. पाच टका तिचे स्वतःचे असते तर हाच मोढा तिला बाजारात हव्या त्या गिऱ्हाइकाला विकता आला असता. पैकार व्याज म्हणून काही घेत नाही. तो भाव घेतो. असं कर्ज तुम्ही गावी पाहिलेलं आहे, त्याबद्दल थोड्या वेळाने बोलू.

विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारे महंमद युनूस याच अंगणात आले होते. १९७४ च्या दुष्काळात रस्त्यावर माणसं मरताना पाहिल्यावर पुस्तकातलं अर्थशास्त्र त्यांना पुरेनासं झालं होतं. जोब्रामध्ये पैकाराच्या कर्जात अडकलेल्यांची यादी त्यांनी करवून घेतली. यादीत ४२ माणसं निघाली आणि सगळ्यांची गरज मिळून ८५६ टका. तुम्ही भागाकार करता: डोई वीस टका आणि वर थोडे पैसे. एवढ्याशा रकमेपायी बेचाळीस जण दुसऱ्याच्या भावाने राबत होते. युनूस यांनी ते पैसे खिशातून दिले. पण खिशातून किती दिवस देणार? म्हणून ते जनता बँकेच्या शाखेत गेले. तिथे उत्तर मिळालं की गरिबाकडे तारण नाही, अर्ज भरायला अक्षर येत नाही. शेवटी ते स्वतः जामीन राहिले आणि वर्षाच्या अखेरीला दहा हजार टक्यांपर्यंतचं कर्ज मंजूर झालं. तालुक्याच्या गावी बँकेत पहिल्यांदा गेलात तेव्हा काउंटरपलीकडून तुम्हाला विचारलेले प्रश्न आठवा. तेही असेच होते.

आता थोडी वर्षं पुढे चला. १९७९ पासून टांगाईल जिल्ह्यात प्रयोग वाढला, १९८३ साली ग्रामीण बँक कायद्याने स्वतंत्र बँक झाली. पत्र्याच्या शेडखाली चाळीसेक बायका ओळीने बसल्या आहेत. पाचजणींचा एक गट, असे आठ गट मिळून एक केंद्र. पहिल्या कर्जाच्या वेळी आधी दोघींना पैसे मिळतात, त्यांची फेड नीट चालली तर पुढच्या दोघींना, आणि गटप्रमुख बाईला सगळ्यांत शेवटी. कर्ज वर्षाचं, हप्ता दर आठवड्याला, पन्नास आठवडे. बँकेचा माणूस सायकलवरून येतो, नोटा मोजतो, पासबुकात लिहितो, निघून जातो. बायका शिस्त, एकी, धैर्य आणि कष्ट यांच्या घोषणा देतात. हुंडा न देण्या-घेण्याचा निश्चयही त्यांच्या सोळा निश्चयांत आहे. जगभरातले लोक हे शिकायला येतात, २००६ साली याच कामाला नोबेल शांतता पुरस्कार मिळणार आहे. शेडमधल्या त्या ओळी पाहताना तुमचा ऊर भरून येतो, आणि यायलाच हवा.

पण इथे थांबून एक गोष्ट नीट पाहा. आमच्या जिल्ह्यांत पुढे जे बिघडलं त्याचं मूळ मला इथे दिसतं. हप्ता भरून परतणाऱ्या बायकांना विचारा, पैसे कुठून आणले? एकीने दूध विकलं. एकीने अंडी. एकीचा नवरा रिक्षा ओढतो. एकीने भात कांडून तांदूळ बाजारात नेला. बाजार चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि गिऱ्हाईक रोजचं आहे. यांच्या घरात पैसा दर आठवड्याला थोडा थोडा येतो, म्हणून तो दर आठवड्याला थोडा थोडा जाऊ शकतो. पन्नास आठवड्यांचा हप्ता या मातीतून उगवलेला आहे. वहीत हे ठळक लिहून ठेवा.

आता त्याच १९७६ सालात घरी चला. गडचिरोली जिल्हा अजून जन्मलेला नाही. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा होईल. आज सगळा मिळून चंद्रपूर जिल्हा आहे, म्हातारी माणसं त्याला अजून चांदाच म्हणतात. वैनगंगा ओलांडून तुम्ही पूर्वेकडे चालू लागता आणि जोब्रात जे नव्हतं ते इथे सुरू होतं: साग, मोह, तेंदू, आणि बांबूची रांजीच्या रांजी. सुफियाला ज्या बांबूसाठी पाच टका लागत होते तो इथे घराच्या मागे उभा आहे. त्याला पैसे लागत नाहीत. मग इथली बाई मोढे विणून श्रीमंत का नाही?

वनरक्षकाला विचारा. घर शाकारायला, कुंपणाला, निस्तारापुरता बांबू गावाला मिळतो. विकायला मिळत नाही. बुरूड कारागिरांना ठरावीक बांबू सवलतीने मिळतो, तोही कार्डावर. बाकीचा ट्रकात भरून बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जातो, सरकारशी झालेल्या कराराने. ज्यांच्या गावाभोवती तो वाढला त्या गावातल्या लोकांना तोडणीची मजुरी मिळते. डोक्यावर मोळी घेऊन बाजाराला निघालेल्या बाईची मोळी वाटेत उतरवून घेतली जाऊ शकते आणि वर दंडही होऊ शकतो.

या दौऱ्यातलं माझं सगळ्यांत पक्कं मत मी इथेच सांगून टाकते. जोब्रात कर्जाची कमतरता होती. आमच्याकडे हक्काची कमतरता आधी होती, कर्जाची नंतर. सुफियाच्या हातावर पाच टका ठेवले की ती मोकळी होते. इकडच्या धानोऱ्याच्या बाईच्या हातावर त्याच दिवशी पाचशे ठेवले असते तरी बांबू वनखात्याचाच राहिला असता. छोट्या कर्जाने गरिबी हटते असं जगभर सांगत फिरणाऱ्यांनी हा फरक फारसा कधी पाहिला नाही.

आणि पैकार? तो इथेही आहे. आठवडी बाजारात तो चारोळी घेतो आणि तिच्या बदल्यात मीठ देतो. मोह वेचायच्या आधीच तो घरी उचल देऊन ठेवतो, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं पडू लागली की ती त्याच्याच मापाने मोजली जातात. पावसाळ्यात, रोवण्याच्या दिवसांत, घरातली ढोली रिकामी होते तेव्हा धान उसने मिळतात ते दिढीने. एक खंडी घेतली तर काढणीनंतर दीड खंडी द्यायची, अवघ्या चार-पाच महिन्यांत. हे वर्षाच्या व्याजात बसवून पाहा. तुमची पेन्सिल क्षणभर थांबेल.

पुढची काही वर्षं भराभर ओलांडू. १९७५ या आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, २४ फेब्रुवारीला, महाराष्ट्राने महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, स्थापन केलं आहे, पण ते तुमच्या गावापर्यंत पोचायला वेळ लागेल. ऐंशीच्या दशकात ड्वाक्रा ही सरकारी योजना येते, गटाला १५ हजारांचा फिरता निधी देते, आणि पुष्कळ ठिकाणी निधी फिरतच नाही, कारण गट निधीसाठी जमवलेला असतो. त्याच सुमारास कर्नाटकात मायराडा या संस्थेला एक वेगळी वाट सापडते. मोठ्या सहकारी सोसायट्या मोडल्यावर गावातल्या माणसांनी आपापल्या विश्वासाच्या लहान टोळ्या केल्या होत्या. त्या आपलीच बचत आपल्यात फिरवत होत्या आणि ती बुडत नव्हती. १९८७ साली नाबार्डने या कामाला दहा लाख रुपये दिले, १९९२ मध्ये देशात ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. जोब्रात आधी कर्ज, मग बचत. इथे आधी बचत, मग कर्ज. आपल्या पुणे जिल्ह्यात खेडला चैतन्य संस्थेने १९८९ पासून हेच रुजवलं. तुमच्या कुरखेड्यात 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' ही संस्था डॉ. सतीश गोगुलवार आणि शुभदा देशमुख यांनी १९८४ पासून उभी केली. आरोग्याचं काम करता करता त्यांना बायकांच्या गाठीला पैसा नाही हे दिसत होतं आणि गट तिथेही उभे राहिले. १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या मदतीने महाराष्ट्र ग्रामीण पतपुरवठा प्रकल्प सुरू झाला आणि माविमच्या गट बांधणाऱ्या सहयोगिनी चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत पायी फिरू लागल्या.

इथे उतरा. नव्वदच्या दशकातली हिवाळ्याची रात्र आहे. तुमच्याच गावातली, पण तुम्ही अजून गटात आलेल्या नाहीत, म्हणून कोपऱ्यात बसा. कंदिलाभोवती पंधरा-वीस बायका. धान चुरून झालेले आहेत, अंगाला कूस टोचते आहे. सहयोगिनी दिवसभराची चालून आली आहे आणि तिला उद्या पुढच्या गावी जायचं आहे. महिन्याला दहा रुपये बचत ठरते. दहा की वीस यावर बराच वेळ जातो. एक म्हातारी म्हणते, "आपलेच पैसे अन् आपल्यालेच व्याज?" सगळ्या हसतात, पण प्रश्न खरा आहे. सहयोगिनी समजावते की शेकडा दोनने जे व्याज येईल ते कोणा सावकाराच्या घरी न जाता याच पेटीत पडेल आणि वर्षअखेर तुमच्याच नावावर चढेल. म्हातारी थोडा वेळ विचार करते. मग कमरेची पिशवी सोडते.

पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे, वही तिसरीकडे. ही सावधगिरी त्यांना कोणी शिकवावी लागली नाही. चार महिन्यांनी पेटीत सात-आठशे रुपये आहेत आणि पहिलं कर्ज मागायची वेळ येते. पहिलं कर्ज धंद्यासाठी असेल असं वाटतं ना? ते तापाने फणफणलेल्या लेकराला दवाखान्यात न्यायला जातं. दुसरं बियाण्याला. तिसरं सावकाराकडे ठेवलेलं डोरलं सोडवायला. मोठ्या शहरात बसून ज्यांनी हे 'उत्पादक कर्ज नाही' म्हणून नापास केलं त्यांच्यावर माझा राग आहे. लेकरू वाचणं आणि दिढीचे धान टळणं याहून अधिक उत्पादक काय असतं?

आता या दौऱ्यातला सगळ्यांत महत्त्वाचा क्षण. कर्ज घेणारीला अध्यक्ष विचारते, "कधी देशील?" ती म्हणते, "तेंदूत देतो, माय." कोणी वाद घालत नाही. कोणी आठवड्याचा तक्ता काढत नाही. वहीत लिहिलं जातं: फेड तेंदूवर. व्याज तेवढं महिन्याच्या महिन्याला, दोन-पाच रुपये.

तो मे महिना पाहायला थांबा. पहाटे चारला गाव रिकामं होतं. नवरा, बायको, मुलं, सगळे रानात. ऊन चढायच्या आत पानं तोडून आणायची, मग दिवसभर सावलीत बसून पुडे बांधायचे. सत्तर पानांचा एक पुडा, पुरेपूर मोजून, सालीच्या दोऱ्याने आवळून. असे हजार पुडे म्हणजे एक प्रमाण गोणी. संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं घेण्याच्या जागेवर, रांगा लागतात. मुनशी पुडे मोजतो, एखादा उकलून पानं तपासतो, वहीत मांडतो. अंगाला चिकाचे डाग, डोळे लाल. हा हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. वळीव आला, गारा पडल्या, तर पानांना भोकं पडतात आणि हंगाम त्याच दिवशी संपतो. पण नीट पार पडला तर रोख पैसा असा एकदम हातात येण्याची वर्षातली हीच मोठी वेळ. दुसरी धान निघाल्यावर, डिसेंबराच्या आसपास. मधल्या काळात मोह, चारोळी, डिंक, लाख, हिरडा यांचे थोडे थोडे पैसे. आणि जुलै ते ऑक्टोबर जवळजवळ काहीच नाही. त्या महिन्यांत घाम गळतो, पैसा येत नाही.

मजुरी हाती पडली त्या आठवड्यात गटाची बैठक भरते. एकामागून एक बायका येतात, नोटा ठेवतात, अंगठा उठवतात. उन्हाळ्यातल्या त्या एका बैठकीत बहुतेक कर्जं फिटतात. टांगाईलच्या शेडमधली शिस्त तुम्ही पाहिली होती. ही शिस्त तिच्याहून रतीभरही कमी नाही. फक्त तिला रानाचं वेळापत्रक माहीत आहे.

पुन्हा बांगलादेशात चला, १९९८ च्या सप्टेंबरात. दोन महिने झाले, देशाचा दोन तृतीयांश भाग पाण्याखाली आहे. केंद्राचं शेड बुडालेलं, कोंबड्या वाहून गेलेल्या, रिक्षा चिखलात. बायका पासबुकं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उंचवट्यावर बसल्या आहेत. आठवडा येतो, हप्ता येत नाही. बँकेने नवी कर्जं दिली, मग त्यांचेही हप्ते चुकू लागले. हे कोणा आळशी बायकांमुळे घडलं नाही. पन्नास आठवड्यांचा साचा पुरात टिकला नाही, एवढंच. ग्रामीण बँकेचं मोठेपण मला यात दिसतं की तिने बायकांना दोष न देता साचा बदलला. २००२ पर्यंत नवी पद्धत सगळ्या शाखांत लागू झाली. कर्जाची मुदत वेगवेगळी ठेवता येऊ लागली, कमाईच्या दिवसांत मोठा आणि मंदीच्या दिवसांत लहान हप्ता ठरवता येऊ लागला. म्हणजे ढाक्याची बँक पंचवीस वर्षांनी जिथे पोचली तिथे तुमच्या गावची ती अध्यक्ष कंदिलाच्या उजेडात एका प्रश्नात पोचली होती. हे मी कौतुकासाठी वाढवून सांगत नाही. दोन्ही वह्या तुमच्यापुढे उघड्या आहेत, ताडून पाहा.

दुःखाची गोष्ट अशी की भारतात गटाबाहेरून जी कर्जं आली त्यांनी जोब्राचा जुना साचा उचलला आणि १९९८ नंतरचा धडा मागेच ठेवला.

२०१० च्या ऑक्टोबरात सिरोंच्याला या. प्राणहिता इथे गोदावरीला मिळते. पलीकडे काळेश्वरम, त्या काळचं आंध्र प्रदेश. नावेने पलीकडे जाऊन कोणत्याही गावात विचारा. एकेका बाईच्या नावावर छोटी कर्जं देणाऱ्या तीन-तीन, चार-चार कंपन्यांची कर्जं आहेत, एका कंपनीचा हप्ता दुसरीच्या कर्जातून, आठवड्यातले चार दिवस कोणीतरी वसुलीला दारात. एकीने हप्ता चुकवला की गटातल्या बाकीच्या बायकांनाच तिच्या दारात बसवलं जातं. ज्या एकजुटीच्या बळावर हे सगळं उभं होतं तीच त्या बाईवर उलटवली गेली. आत्महत्यांच्या बातम्या आल्यावर राज्य सरकारने वटहुकूम काढला: हप्ता आठवड्याचा नको, महिन्याचा, आणि वसुली घरात जाऊन नको, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. त्यानंतर तिथली वसुली कोसळली. नदीच्या अलीकडे उभं राहून तुम्ही हे पाहता तेव्हा लक्षात येतं की नदी फक्त नावेच्या अंतराची आहे, ही पद्धत केव्हाही अलीकडे येऊ शकते.

पण ती अलीकडे येण्याआधी एक चांगला दिवस. २७ एप्रिल २०११, धानोरा तालुका, मेंढा-लेखा. गावाभोवतालच्या सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क २००९ साली मान्य झालेला आहे, वनहक्क कायद्याने. तरी बांबू बाहेर न्यायचा तर वाहतुकीचा परवाना वनखात्याचाच. आज केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश त्या परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती देतात. मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण हजर आहेत. गावाचं नेतृत्व करणारे देवाजी तोफा आहेत, त्यांच्या गावाबरोबर वर्षानुवर्षं अभ्यास करणारे मोहन हिराबाई हिरालाल आहेत. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, असं हे गाव कित्येक वर्षं म्हणत आलं आहे. आज सरकारने ते बांबूपुरतं कबूल केलं.

गर्दीतून बाजूला व्हा आणि १९७६ चं पान उघडा. सुफियाला पाच टका मिळाले त्या दिवशी तिच्या घरात जे घडलं ते इथे आज घडतं आहे, कर्जाचा एक पैसाही न घेता. बांबूचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात येईल, त्यातून मजुरी दिली जाईल, काही ग्रामकोषात राहील. पुढच्या वर्षी चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला असाच हक्क मिळाला. त्या गावाने तर ठरवलं की तेंदू तोडायचाच नाही, कारण पानांसाठी झाडं छाटली जातात, आगी लावल्या जातात. बांबूवर भागवायचं, तेंदूची फळं माणसांना आणि पाखरांना राहू द्यायची. हातात स्वतःचा पैसा आल्यावर गाव असा निर्णय घेऊ शकतं. पैकाराची उचल घेतलेलं गाव घेऊ शकत नाही.

त्याच सुमारास उमेद हे राज्य सरकारचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान सुरू झालं आणि गडचिरोलीत गटांचे ग्रामसंघ, त्यांचे प्रभागसंघ उभे राहू लागले. वर्धा जिल्ह्यातल्या गटांतल्या बायका, ज्यांना वर्धिनी म्हणतात, बिऱ्हाड पाठीवर घेऊन दुसऱ्या जिल्ह्यांतल्या गावांत पंधरा-पंधरा दिवस राहिल्या आणि त्यांनी नवे गट बांधले. नवऱ्याशिवाय कधी तालुक्याला न गेलेल्या या बायका. माझ्या मते महाराष्ट्रात झालेले सर्वांत उपयोगी अभ्यास दौरे हेच.

शेवटचे दोन थांबे तुमच्या ओळखीचे आहेत. नोव्हेंबर २०१६: कर्ज देणाऱ्या कंपन्या एव्हाना अलीकडे आल्या आहेत, पाचशे-हजारच्या नोटा रद्द, धान खळ्यावर, घेणाऱ्याकडे रोख नाही, बँक वीस कोसांवर, आणि कंपनीच्या हप्त्याचा वार मात्र ठरलेला. त्या हिवाळ्यात विदर्भात बायका कर्जवसुलीविरुद्ध रस्त्यावर आल्या. त्यानंतरची वर्षं: वडसा, ब्रह्मपुरी, मूल, चामोर्शी, कुठल्याही मोठ्या गावाबाहेर सकाळी आठला वसुलीवाल्यांच्या मोटारसायकली निघतात. कुठे आठवड्याचा, कुठे पंधरवड्याचा, कुठे महिन्याचा हप्ता. जुलैतही तोच, मेमध्येही तोच. रोवणा अर्धा टाकून बाई हप्त्याच्या बैठकीला येते. गटाच्या पेटीतून कर्ज काढून कंपनीचा हप्ता भरते. तुमच्या वहीत अलीकडे 'कारण' या रकान्यात हे किती वेळा लिहावं लागलं, ते तुम्ही जाणता. बाहेरचं कर्ज नकोच असं मी म्हणत नाही. पेटीत मावणार नाही एवढ्या गरजा असतात: विहीर, मोहाची फुलं साठवायला खोली, बांबूकामाची यंत्रं. पण जे कर्ज गटाची पेटी रिकामी करून फिटतं ते कर्ज गावाला जोब्राच्या पैकाराकडे परत नेतं.

दौरा संपला. आता कामाचं तेवढं वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या, कारण हे नियम आज लागू आहेत आणि फार थोड्या बायकांना माहीत आहेत. रिझर्व्ह बँकेचे सूक्ष्म कर्जाचे निर्देश १ एप्रिल २०२२ पासून अमलात आहेत. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं विनातारण कर्ज त्यांत येतं, मग देणारी बँक असो की कंपनी. कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करता येत नाही. आणि कर्जदाराच्या गरजेप्रमाणे हप्त्याचा काळ ठरवण्याची मुभा देणारं धोरण प्रत्येक कर्ज देणाऱ्या संस्थेने संचालक मंडळाकडून मंजूर करून ठेवलेलं असलंच पाहिजे.

पुढच्या वेळी अर्जावर सही करण्याआधी हे धोरण मागा आणि आपला हप्ता तेंदूच्या आणि धानाच्या हंगामावर लिहून घ्या. एकटीने मागू नका, ग्रामसंघाच्या ठरावाने मागा. आणि वाचणाऱ्यांपैकी कोणी बँकेत, कंपनीत किंवा जिल्हा प्रशासनात बसत असेल, तर त्यांना माझी हात जोडून विनंती आहे: चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांत मोठा हप्ता जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि डिसेंबरात ठेवा, आणि जुलै ते ऑक्टोबर फक्त व्याज घ्या.